आत्म्यातला म

“कपाळ कुठंय? कपाळ दाखव,” ओलिंदा वहिनी चौथ्यांदा म्हणाली आणि बेनूने चौथ्यांदा फ्रॉक वर करून बेंबी दाखवली.

“अगं बाई, बेंबी नंतर. आधी कपाळ. पित्याच्या.”

“बिक्कीट,” बेनू म्हणाली.

मी स्वयंपाकघरात विळीवर नारळ खवत होते. ओटीवर काय चाललंय ते दारातून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि मला मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं होतं. बेनू म्हणजे माझ्या भावाची, इनासची मुलगी. वय अडीच. तिला क्रुसाची खूण शिकवायची मोहीम घरात तीन आठवडे चालली होती आणि प्रगती म्हणाल तर बिस्किटांचे चार पुडे संपले होते.

आता क्रुसाची खूण म्हणजे काही डोंगर उपसायचा नसतो. उजवा हात कपाळाला, मग छातीला, मग डावा खांदा, उजवा खांदा. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने, आमेन. आमच्या वसईत पोरं धड चालायच्या आधी ही खूण करतात. पण वहिनी बिचारी दवाखान्यातली ड्यूटी करून संध्याकाळी यायची तेव्हा तिचे पाय सुजलेले असायचे. ती खुर्चीत पाय वर घेऊन, डोळे मिटून शिकवायची. शिकवणाऱ्यानंच डोळे मिटले तर पोरगी बेंबीच दाखवणार, दुसरं काय.

घाई होती ती क्रुसाच्या सणाची. आमच्या आळीच्या तोंडाशी एक जुना दगडी क्रूस आहे. मे महिन्यात त्याला फुलांच्या माळा घालून आळी जमते, प्रार्थना होते, उकडलेले चणे वाटतात. प्रार्थना सांगायचा मान तीस वर्षं आमच्या बाबांचा, म्हणजे पास्कूचा. आणि आळीची रीत अशी, की सुरुवात करायची ती आळीतल्या सगळ्यांत लहान बोलत्या लेकरानं. त्यानं मोठ्यानं क्रुसाची खूण करायची, मग मोठ्यांनी पुढे चालवायचं. त्या वर्षी सगळ्यांत लहान होती बेनू. पास्कूची नात सुरुवात करणार आणि पास्कू पुढे चालवणार, म्हणून बाबा दोन महिने आधीपासून हवेत होते.

“बेनूला ओलिंदा शिकवेल,” त्यांनी सांगून टाकलं होतं. “दुसऱ्या कुणी शिकवायचं नाही.”

दुसरं कुणी म्हणजे मी. बेनूला दिवसाचे दहा तास सांभाळायची मी. न्हाऊ घालायची मी, भरवायची मी, शेजारच्या गुरवाच्या कोंबड्यांमागे धावली की पकडून आणायची मी. पण तिचा हात धरून कपाळाला लावायचा नाही. बरं, मला येत नव्हतं म्हणून नव्हे. मी नऊ वर्षं कॉन्व्हेंटात काढली होती, सिस्टर होते, आणि त्यातली चार वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना हेच शिकवत होते.

तीच तर माझी चूक होती. एकोणिसाव्या वर्षी बाबांनी मला वाजतगाजत मठात नेऊन पोचवलं. आळीतून कॉन्व्हेंटात गेलेली पहिली मुलगी. नऊ वर्षांनी शेवटची व्रतं घ्यायची वेळ आली. ती एकदा घेतली की जन्माची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला हे जन्मभर करायचं नाही. काही भानगड नव्हती, कुणाशी भांडण नव्हतं. देवावरचा विश्वासही जागच्या जागी होता. मी सांगितलं आणि घरी आले. आळीनं दोन महिने चवीनं बोलून घेतलं आणि सोडून दिलं. बाबांनी सोडलं नाही.

आले त्याच संध्याकाळी मी रोजरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला बसले. आमच्याकडे सातची घंटा झाली की येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीसमोर सगळे गुडघे टेकतात. रोजरीची पाच रहस्ये, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, एकेकानं एकेक सांगायचं. सांगणाऱ्यानं दहा वेळा ‘नमो मरिया’ म्हणायचं, बाकीच्यांनी पुढचं अर्धं म्हणायचं. चौथं रहस्य आई होती तोवर आईचं असायचं. मला वाटलं, आता माझं. मी तोंड उघडणार इतक्यात बाबा म्हणाले, “देवाला दिलेला शब्द जिनं मागं घेतला, तिच्या मागून मी प्रार्थना म्हणणार नाही.”

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. त्यानंतर अकरा महिने रोज रोजरीच्या वेळी मी चुलीपाशी. चौथं आणि पाचवं बाबा एकटेच रेटायचे. माझ्याशी बोलणं बंद. काही हवं असेल तर हवेला सांगायचे, “चहा झाला असेल तर बरं होईल.” हवा चहा करून द्यायची.

मीही काही कमी नव्हते. शिकवायचं नाही ना, मग नाहीच शिकवणार. बेनू माझ्यासमोर बेंबीला हात लावून “पित्याच्या” म्हणायची आणि मी भिंतीकडे बघायची. पोरीला वाटायचं हा काहीतरी खेळ आहे, ती आणखी जोरात म्हणायची. एकदा तर कोंबडीला धरून तिच्या कपाळावर खूण केली. मी तेव्हाही काही बोलले नाही. हसू आलं ते वेगळं.

सणाच्या दोन दिवस आधी मात्र मला बोलावं लागलं. कपाळ, छाती, खांदे आता जागेवर आले होते. वहिनीनं तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं आणि मी पदराला हात पुसत बाहेर आले.

“वहिनी, ऐकलंस का ती काय म्हणते?”

“बरोबर म्हणते की.”

“पवित्र आत्याच्या म्हणते. आत्म्यातला म गिळते.”

वहिनीनं एक डोळा उघडला. “म्हणू दे. अडीच वर्षांचं पोर ते. कुणाला कळतंय?”

“सगळ्यांना कळेल. ‘आत्या’ म्हटल्यावर कळणार नाही कुणाला?”

“मग तू सांग तिला.”

“मला मनाई आहे.”

“तुम्ही बाप-लेक ना,” वहिनी डोळा मिटत म्हणाली, “दोघं एका माळेचे मणी आहात. मला झोपू दे.”

मी इनासला सांगितलं. तो म्हणाला, “बघू.” इनासच्या ‘बघू’वर आमच्या घराचं छप्पर तीन पावसाळे गळत होतं. बाबांना सांगायचा प्रश्नच नव्हता. शेवटी मी म्हटलं, मला काय पडलंय. त्याच आठवड्यात डहाणूकडच्या एका वसतिगृहातून पत्र आलं होतं, मुलींवर देखरेखीला बाई हवी होती. ते मी उशीखाली ठेवलं होतं आणि रोज काढून वाचत होते. जावं असं एक मन म्हणायचं. दुसरं मन म्हणायचं, नऊ वर्षांनी घरी आलीस ती काय पुन्हा परक्यांच्या पोरी सांभाळायला? मला त्या चौथ्या रहस्याच्या जागेवर बसायचं होतं. लाज वाटते सांगायला, पण खरं तेवढंच होतं.

शनिवारी संध्याकाळी क्रुसाला झेंडूच्या आणि मोगऱ्याच्या माळा घातल्या. आळी जमली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. बेनूला पांढरा फ्रॉक, डोक्यात फूल, पायात नवे बूट, आणि ते बूट चावतात म्हणून तोंड फुगलेलं. मी मागे, बायकांच्याही मागे, कार्मेलकाकूच्या कुंपणाला टेकून उभी होते. बाबांनी बेनूला क्रुसाच्या पायरीवर उभं केलं.

बेनूने हात कपाळाला लावला. अगदी बरोबर. “पित्याच्या,” ती खणखणीत म्हणाली. छातीला हात. “पुताच्या.” मग डावा खांदा, उजवा खांदा. “पवित आत्याच्या नावाने,” ती म्हणाली, मान उंच करून गर्दीत मला शोधलं आणि थेट माझ्याकडे बोट दाखवलं. “ती बघ. आमे.”

आधी पोरं हसली, मग त्यांच्या आया. कार्मेलकाकू माझ्याशेजारीच होती. ती शेजारणीला म्हणाली, हळू नव्हे, चांगली चारचौघांना ऐकू जाईल अशी, “बघा गं, कॉन्व्हेंटात राहून जे झालं नाही ते घरी बसून झालं. रेजिना पवित्र झाली.”

बाबांचे कान लाल झालेले मला मागूनही दिसत होते. त्यांनी प्रार्थना सुरू केली आणि शेवटपर्यंत नेली, एक शब्द चुकला नाही. चणे न घेता घरी आले. मी त्यांच्या मागोमाग शिरले तर ओटीवर उभे.

“तूच शिकवलंस,” ते म्हणाले. अकरा महिन्यांत माझ्याशी बोललेले हे पहिले दोन शब्द.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वड्याचं तेल वांग्यावर काढायलाही काही सीमा असते. “मी शिकवलं असतं बाबा, तर नीट शिकवलं असतं.”

“माझी शोभा करायला शिकवलंस.”

“तुमची शोभा? बोट कुणाकडे दाखवलं तिनं? हसले कुणाला?”

ते सदऱ्याची बटणं सोडायला लागले. मी म्हटलं, “मला डहाणूकडं काम आलंय. मंगळवारच्या सकाळच्या एस्टीनं जाते. म्हणजे तुम्हाला हवेशी बोलायला नको.”

वहिनी बेनूला कडेवर घेऊन दारात आली होती. तिनं इनासकडे पाहिलं. इनास म्हणाला, “बघू.” बाबा आत जाऊन कपडे बदलून बसले. जाऊ नको असं कुणी म्हणालं नाही, आणि मला ते एक कुणीतरी म्हणावं असं इतकं वाटत होतं की मी रात्रीचं जेवलेच नाही.

रविवारी चर्चातल्या मिस्सेहून आल्यावर बाबांनी बेनूला स्वतः शिकवायला घेतलं. ओलिंदावर आता त्यांचा भरवसा नव्हता. मी दाराआड मासे साफ करत होते. जायचं तर ठरलंच होतं, पण कान काही बंद होत नाहीत.

“आत्म्याच्या,” बाबा म्हणाले.

“आत्याच्या.”

“आत्या नाही. आत्मा. म आहे मधे. म्या. नुसतं म्या म्हण.”

“म्याऊ.”

“म्याऊ नाही. म्या.”

“म्याऊ. म्याऊ कुठंय आबा?”

“मांजर नाही इथं. हे बघ, आत्. म्याच्या.”

“पवित म्याऊच्या नावाने,” बेनू म्हणाली आणि स्वतःवरच खूश होऊन टाळ्या पिटल्या.

अर्धा तास हे चाललं. पालथ्या घड्यावर पाणी. बाबांनी गूळ दाखवला, रागावून पाहिलं, गुडघ्यावर घेऊन घोडा केला. पानवेलीला पान आलं की ती वाडीतल्या कुठल्या खांबाची ते सांगणारा हा माणूस, पण एका म पुढे त्यानं हात टेकले. शेवटी मला त्यांचा उसासा ऐकू आला.

“बरं, तुला पवित्र आत्मा म्हणजे काय ते सांगतो. मग तू चुकणार नाहीस. ऐकतेस का?”

“हं.”

“पवित्र आत्मा असतो. पण तो दिसत नाही.”

“का?”

“नाही दिसत. पण घरातच असतो. आपण सगळे रोजरीला बसतो ना, तेव्हा आपल्याला दिसत नाही, बोलत नाही. पण आतच असतो आणि सगळं ऐकतो.”

“बाऊ झाला की?”

“बाऊ झाला तरी तोच बघतो. तू पडलीस की उचलतो. दिवसभर आपल्याला सांभाळतो तो. कळलं? आता सांग, कोण तो?”

बेनूने वेळ घेतला. मी मान वाकवून पाहिलं तर तिचं बोट नाकात होतं. ते काढून तिनं स्वयंपाकघराकडे दाखवलं.

“आत्या,” ती म्हणाली. आबाला इतकं साधं कसं कळत नाही, असा वैताग तिच्या आवाजात होता.

माझ्या हातातला बोंबील हातातच राहिला. मग बाबांनी तिला मांडीवरून खाली ठेवलं, भर दुपारी डोक्याला पंचा गुंडाळला आणि वाडीत निघून गेले. रविवारी कुणी वाडीत कामाला जात नाही. ते संध्याकाळी परतले, रोजरी सांगितली, चौथं आणि पाचवं नेहमीसारखं त्यांनीच म्हटलं. मी आत चुलीपाशी होते. माझ्या मनात काय होतं ते लपवून काय करू. मला वाटलं होतं, आज बोलवतील. बोलावलं नाही तेव्हा मला त्यांचा असा राग आला की मी जाऊन पिशवी भरली.

सोमवारी मी घरातली सगळी कामं उपसली. डब्यात डाळी भरल्या, बेनूचे फ्रॉक इस्त्री करून ठेवले, तिला काय आवडतं काय नाही ते वहिनीला सांगितलं. वहिनी “हो, हो” म्हणत होती आणि डोळे पुसत होती, आणि मला तिचाही राग येत होता. रडण्यापेक्षा सासऱ्याला दोन शब्द सुनावले असते तर. सातची घंटा झाली. सगळे बसले. मी आत तांदळाच्या भाकरीची उकड मळायला घेतली.

सोमवार म्हणजे आनंदाची रहस्ये. पहिलं बाबांनी सांगितलं. दुसरं इनासनं, मधे जांभई देऊन. तिसरं वहिनीनं. मग शांतता. मला वाटलं बाबांना खोकला आला असेल. खोकलाही ऐकू येईना. इनासनं घसा साफ केला आणि चौथं सुरू केलं.

“तू नाही,” बाबा म्हणाले.

मी पिठाचे हात तसेच घेऊन दारात आले. बाबा तसबिरीकडे तोंड करून गुडघ्यांवर होते, हातात माळ, अंगठा चौथ्या मोठ्या मण्यावर. मान वळवली नाही त्यांनी.

“चौथं थांबलंय,” ते म्हणाले. तसबिरीला म्हणाले की हवेला, देव जाणे.

मला वाटायचं अशा वेळी माणसाला काही मोठं सुचत असेल. मला सुचलं की हाताला पीठ आहे. मी ते पदराला पुसलं आणि वहिनीच्या शेजारी गुडघे टेकले. माळ माझ्याकडे नव्हती, बोटांवर मोजायचं ठरवलं. “चौथं आनंदाचं रहस्य,” मी म्हटलं. “बाळ येशूला मंदिरात अर्पण करतात.” आणि पहिली नमो मरिया सुरू केली. माझं अर्धं संपलं तेव्हा मी थांबले. पुढचं अर्धं ते म्हणतात की नाही, तेच मला ऐकायचं होतं.

“हे पवित्र मरिये,” बाबा म्हणाले. सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. “आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.”

दुसरी झाली, तिसरी झाली. चौथ्या नमो मरियेला बेनू रांगत येऊन माझ्या मांडीत शिरली. पाचवीला तिनं माझी वेणी ओढली. सहावी संपता संपता ती माझ्या कानाशी आली आणि घरभर ऐकू जाईल अशी कुजबुजली, “आत्या, शी आली.”

अकरा महिने. अकरा महिने मी या जागेची वाट पाहिली, आणि या पोरीला आताच यायची होती. मी डोळे मिटून घेतले. पण सवय वाईट. माझा एक गुडघा आपोआप उचलला गेला, बेनूला काखेत घेऊन मी अर्धी उठलेही होते.

“ओलिंदा,” बाबा म्हणाले, “तू ने तिला. रेजिनाच्या अजून चार राहिल्यात.”

वहिनी धडपडत उठली आणि बेनूला उचलून मोरीकडे पळाली. बेनूने तिथून आरडाओरडा सुरू केला, “आई नको, आत्या, आत्याच पाहिजे.” मी त्या आरडाओरड्यावर आवाज चढवून सातवी सुरू केली. बाबांनीही आपला आवाज चढवला. इनास हसू दाबत होता.

रोजरी संपली. बाबांनी माळ खिळ्याला अडकवली. त्यांची पाठ माझ्याकडेच होती.

“उद्या मंगळवार,” ते म्हणाले. “दुःखाची रहस्ये. चौथं तुझं.”

“उद्या सकाळी माझी एस्टी आहे.”

त्यांनी माळ खिळ्यावरून काढली, पुन्हा नीट अडकवली. “मग संध्याकाळी चौथं कोण सांगणार?”

अकरा महिने दोन-दोन रहस्ये एकट्यानं रेटलेला हा माणूस मला हे विचारत होता. मला त्याला सांगायचं होतं ते पुष्कळ होतं, तोंडाशी आलेलंही होतं.

“चौथं मीच सांगते,” मी म्हटलं आणि भाकऱ्या थापायला आत गेले, कारण आठ वाजत आले होते आणि अजून तवाही तापला नव्हता.